ली कांग-चोल: सबमरीन पिचर ते केटी विझचा मॅनेजर

स्कोअरर_काका (धागाकर्ता)

कोरियाच्या केबीओ या बेसबॉल लीगमध्ये १९८९ ते १९९८ असे सलग दहा मोसम एका पिचरने (बॉल टाकणाऱ्याने) दर मोसमात किमान १० सामने जिंकून दिले आणि किमान १०० बॅटर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. तो पिचर म्हणजे हैताई टायगर्सचा ली कांग-चोल. सलग दहा मोसम दहा विजयांचा त्याचा विक्रम अजून उभा आहे. हाच माणूस २०१९ पासून सुवॉनच्या केटी विझचा मॅनेजर (मैदानावरचे निर्णय घेणारा प्रमुख) आहे आणि २०२१ मध्ये त्याने त्या संघाला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं.

धागा काढायचं कारण असं, की त्याच्या मॅनेजरकीबद्दल मतं मांडताना लोक खेळाडू म्हणून तो कोण होता हे विसरतात. माझ्या मते त्याचा जवळजवळ प्रत्येक निर्णय एकाच प्रश्नातून निघतो: या हातात आज किती पिच (टाकायचे बॉल) शिल्लक आहेत? चांगले निर्णय तिथूनच आले आणि चुकलेलेही तिथूनच.

आधी खेळाडूचा काळ. जन्म १९६६, ग्वांगजू. ग्वांगजू जेइल हायस्कूल, मग डोंगगुक विद्यापीठ, आणि १९८९ मध्ये गावच्याच संघात, म्हणजे हैताई टायगर्समध्ये. पहिल्याच मोसमात १५ विजय. तरीही त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तो नव्हता. तो मान पॅसिफिक डॉल्फिन्सच्या पार्क जोंग-ह्योनला गेला, ज्याने १९ सामने जिंकले होते. गंमत म्हणजे कांग-चोलसारखा पार्कही खालून टाकणाराच.

हैताईत मॅनेजर किम उंग-योंग आणि मुख्य पिचर सन डोंग-योल. सन म्हणजे कोरियन बेसबॉलचा सर्वांत मोठा पिचर. त्यामुळे कांग-चोल वर्षानुवर्षं दुसऱ्या क्रमांकाचा राहिला. हैताईने त्याच्या काळात १९८९, १९९१, १९९३, १९९६ आणि १९९७ अशी पाच विजेतेपदं घेतली. त्यातलं १९९६ चं महत्त्वाचं, कारण सन तोवर जपानला चुनिची ड्रॅगन्सकडे गेला होता. ह्युंदाई युनिकॉर्न्सविरुद्धच्या त्या कोरियन सिरीजमध्ये (विजेता ठरवणाऱ्या अंतिम फेरीत) ह्युंदाईच्या जोंग म्योंग-वॉनने हैताईला एकही हिट (बेसवर पोचवणारा फटका) मारू दिली नाही असा एक सामना झाला. कोरियन सिरीजमधला तसा तो एकमेव. असा मार खाऊनही हैताईने सिरीज ४-२ जिंकली आणि सिरीजचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, ठरला कांग-चोल.

कारकिर्दीची बेरीज: १५२ विजय, ११२ पराभव, ५३ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने), ३३ होल्ड (मध्ये येऊन आघाडी राखलेले), ईआरए (नऊ इनिंग्जच्या एका सामन्यामागे दिलेले रन) ३.२९, २,२०० हून जास्त इनिंग्ज. निवृत्त झाला तेव्हा फक्त साँग जिन-वू विजयांमध्ये त्याच्या पुढे होता.

पुढचं प्रतिसादांत येऊ द्या.

---

नीलांबरी

काका, आकडे कळले, पण सबमरीन म्हणजे नक्की काय ते सांगा ना. क्रिकेटमधल्या अंडरआर्मसारखं का?

---

पाथरवट

नाही नीलांबरी, अंडरआर्ममध्ये हात सरळ पुढे झुलतो. इथे हात बाजूनेच येतो, फक्त फार खालून. मलिंगाचा हात आडवा येई. तो आणखी खाली नेला, की पिचरच्या बोटांतून बॉल कमरेच्या किंवा मांडीच्या पातळीला सुटतो.

पायरीपायरीने सांगतो, उजव्या हाताचा पिचर धरून.

पुढचा, म्हणजे डावा पाय उचलल्यावर कंबर मोडून धड पुढे आणि उजवीकडे वाकवायचं. लोकांना वाटतं हात खाली नेला की झालं सबमरीन. तसं नाही. हात आणि खांदा यांच्यातला कोन साधारण इतर पिचरांसारखाच राहतो, खाली जातं ते धड. ज्याने धड न वाकवता फक्त हात खाली नेला त्याचा बॉल सपाट येतो, कोपरावर ताण येतो, आणि बॅटरला कंबरेच्या उंचीवर अलगद बॉल मिळतो. या प्रकारात सगळ्यात जास्त मार त्याच बॉलला बसतो.

मग पाऊल टाकायचं. ते नेहमीपेक्षा लांब पडतं, आणि पुढचा गुडघा सगळं वजन वाकलेल्या अवस्थेत झेलतो. म्हणून या पिचरांचे गुडघे आणि पाठीचा खालचा भाग आधी बोलायला लागतात, खांदा नंतर. कांग-चोलचंही तेच झालं. १९९९ चा पूर्ण मोसम गुडघ्याच्या लिगामेंटमुळे गेला आणि दहा वर्षांची साखळी तिथे तुटली.

फायदा काय? बॉल खालून निघतो, त्यामुळे बॅटरला वर चढत आल्यासारखा दिसतो. पण वरून टाकणाऱ्याचा मागे फिरणारा स्पिन इथे नसतो. स्पिन आडवा किंवा पुढे झुकलेला असतो. मग शेवटच्या काही फुटांत बॉल खाली बसतो आणि उजव्या बॅटरच्या अंगावर वळतो. वेग १३० ते १३५ किमीच असला तरी बॅटची खालची कड लागते आणि ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) निघतो. त्यावर उलट दिशेला जाणारा स्लायडर किंवा कर्व्ह असला की उजव्या बॅटरला दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. कांग-चोलचं हत्यार तेच होतं.

तोटे दोन. डावखुऱ्या बॅटरला बॉल हातातून सुटल्यापासून स्वच्छ दिसतो, त्याच्यासाठी बाहेर जाणारा आणि खाली पडणारा चेंजअप (मुद्दाम मंद टाकलेला बॉल) किंवा सिंकर हवाच. दुसरं म्हणजे अॅक्शन लांबलचक. बेसवरचा रनर तेवढ्या वेळात दुसरा बेस चोरतो. उपाय म्हणजे पाय कमी उचलून लवकर टाकणं. पण घाई केली की धड पुरतं वाकत नाही, आणि पुन्हा तोच सपाट बॉल. रनर बेसवर असताना सबमरीन पिचर फुटतो त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

---

चौथा_अंपायर

पाथरवट, फार छान समजावलंत. यात एक भर घालतो. केबीओमध्ये २०२४ पासून बॉल की स्ट्राइक (बॅटरसमोरच्या प्लेटवरच्या ठरावीक चौकटीतून, म्हणजे झोनमधून, गेली ती पिच स्ट्राइक, बाहेरची बॉल) हे यंत्र ठरवतं, त्याला एबीएस म्हणतात. त्यात डावी-उजवी बाजू प्लेटच्या मधल्या रेषेवर तपासतात, पण उंची दोन ठिकाणी: प्लेटच्या मध्यावर आणि मागच्या टोकावर. दोन्हीकडे बॉल झोनमध्ये असला तरच स्ट्राइक. म्हणजे मध्यावर झोनच्या तळाला चाटून मागे पोचेपर्यंत खाली गेलेला बॉल आता बॉलच. जो पिचर खाली पडणाऱ्या पिचवर जगतो त्याला हा नियम जास्त बोचतो.

झोनची उंची बॅटरच्या उंचीवरून ठरते. २०२४ मध्ये वरची रेषा ५६.३५ टक्के आणि खालची २७.६४ टक्के होती. २०२५ ला दोन्ही ०.६ टक्क्याने खाली आणल्या. १८० सेंमी उंचीच्या बॅटरला तो फरक साधारण एक सेंमीचा. वाचायला किरकोळ वाटतो, पण तळाला टाकणाऱ्याला तेवढाही पुरतो.

---

ग्वांगजूप्रेमी

काकांनी १९९८ वर आणून सोडलं, तिथून पुढे सांगतो.

१९९९ संपल्यावर केबीओमध्ये पहिल्यांदा फ्री एजंट पद्धत (खेळाडूला हवा तो संघ निवडायची मुभा) आली. पहिला करार साँग जिन-वूचा, हनव्हा ईगल्सबरोबर, तीन वर्षांना ७ ओक. एक ओक म्हणजे १० कोटी. साँगचे ७ ओक म्हणजे ७० कोटी वॉन. कांग-चोल सॅमसंग लायन्सकडे गेला, तीन वर्षांना ८ ओक, म्हणजे ८० कोटी वॉन. गुडघ्याच्या दुखापतीत पूर्ण मोसम गेलेल्या तेहतिशीच्या पिचरला तेव्हाच्या मानाने ही मोठीच रक्कम.

नियमानुसार सॅमसंगला बदल्यात एक खेळाडू द्यावा लागला. हैताईने निवडला पार्क चुंग-सिक. हाही खालून टाकणारा, आणि १९९३ च्या कोरियन सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात याच हैताईविरुद्ध १५ इनिंग्ज एकट्याने टाकून १८१ पिच टाकलेला. तो सामना २-२ बरोबरीत सुटला होता. एक थकलेला सबमरीन देऊन दुसरा थकलेला सबमरीन घेतला, असा तो व्यवहार झाला.

सॅमसंगमध्ये कांग-चोलचा जम बसला नाही. २००१ मध्ये तो ग्वांगजूला परतला, आणि त्याच वर्षी हैताईचा संघ किआने घेतला. परतलेला कांग-चोल स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) नव्हता, रिलीव्हर (नंतर येणारा) होता. ५३ सेव्ह आणि ३३ होल्ड या आकड्यांत त्या वर्षांचा मोठा वाटा आहे. २००५ नंतर निवृत्त.

हा शेवटचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जो फक्त स्टार्टर राहिला त्याला पाच दिवसांची लय कळते. रोज बुलपेनमध्ये (रिलीव्हर तयारी करतात त्या जागी) हात गरम करून न टाकता परत बसणं म्हणजे काय, हे त्याला कळत नाही. कांग-चोलने दोन्ही केलं होतं.

---

मधली_ओव्हर

ग्वांगजूप्रेमींशी सहमत. कोच म्हणून तो किती वर्षं घासला तेही लिहायला हवं, कारण मोठा खेळाडू थेट मॅनेजर होतो आणि आपटतो, अशी उदाहरणं कोरियात आहेत. ली सुंग-योपच बघा. कोरियात ४६७ होम रन (मैदानाबाहेर मारलेले फटके), तरी कोचिंगचा अनुभव नसताना थेट दूसान बेअर्सचा मॅनेजर झाला आणि तिसऱ्या मोसमात, जून २०२५ ला राजीनामा द्यावा लागला.

कांग-चोलने मॅनेजर होण्याआधी तेरा वर्षं हाताखाली काम केलं. २००६ ते २०१२ किआमध्ये पिचिंग कोच. यांग ह्योन-जोंग किआत आला २००७ मध्ये. पुढे कांग-चोलचे १५२ विजय मागे टाकणाऱ्यांत तो आहे. २०१३ ते २०१६ नेक्सेन हिरोजमध्ये मुख्य कोच. तिथे मॅनेजर होता यॉम क्योंग-योप, त्याच हायस्कूलचा आणि वयाने लहान. कोरियात शाळेतल्या सीनियर-ज्युनियर नात्याला किती वजन आहे ते ठाऊक असेल तर ज्युनियरच्या हाताखाली चार वर्षं काम करणं ही साधी गोष्ट नाही हे कळेल. मग दूसान: २०१७ ला दुसऱ्या फळीच्या संघाचा मॅनेजर, २०१८ ला मुख्य कोच.

आणि मग केटी. २०१५ मध्ये पहिल्या फळीत आलेला दहावा संघ. २०१५, २०१६, २०१७ तिन्ही वर्षं शेवटचा, २०१८ ला शेवटून दुसरा.

---

स्कोअरर_काका

बरोबर. आणि २०१९ ला काय झालं? ७१ विजय, ७१ पराभव, २ बरोबरी. सहावा क्रमांक. पोस्टसीझन (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या) नाही, पण इतिहासात पहिल्यांदा पराभव विजयांपेक्षा जास्त नाहीत.

हे बॅटिंगवर झालं नाही. केबीओत तेव्हा संघाला तीन परदेशी खेळाडू चालत आणि तिघेही पिचर असून चालत नसे, म्हणून बहुतेक संघ दोन पिचर आणि एक बॅटर घेत. स्टार्टर लागतात पाच. म्हणजे तीन स्टार्टर देशी हवेतच, आणि केटीकडे नेमके तेच नव्हते. लोत्ते संघाकडून ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) आलेल्या बे जे-सोंगने २०१९ ला १० सामने जिंकले. केटीसाठी दहा विजय मिळवणारा तो पहिला देशी पिचर.

२०२० ला सो ह्योंग-जून, सुवॉनच्याच युशिन हायस्कूलमधून थेट. सुरुवात छान, मग जूनमध्ये ओळीने चार पराभव. बहुतेक मॅनेजर अशा वेळी पोराला टाकू देतात, शिकेल म्हणून, नाहीतर दुसऱ्या फळीत पाठवून तिथे टाकायला लावतात. कांग-चोलने त्याला रोस्टरवरून (संघाच्या यादीतून) काढून सुमारे दोन आठवडे सामनाच दिला नाही. त्या काळात त्याने कट फास्टबॉल (शेवटी किंचित वळणारा वेगवान बॉल) बसवला. परत आल्यावर मोसम संपला १३ विजयांवर, सर्वोत्तम नवोदितही तोच. दूसानविरुद्धच्या प्लेऑफचा (कोरियन सिरीजच्या आधीच्या फेरीचा) पहिला सामना सुरू करायला मॅनेजरने या नवख्या पोराला उभं केलं. पोराने ६ पूर्णांक २/३ इनिंग्ज एकही रन दिला नाही. ती फेरी केटी १-३ हरला, पण पोराचा हात शाबूत राहिला.

---

नीलांबरी

आणि २०२१? तो टायब्रेकरचा सामना कुणीतरी नीट लिहा. दोन्ही संघांची कामगिरी अगदी सारखी कशी झाली?

---

चौथा_अंपायर

मी लिहितो, नियमापासून.

२०१९ ला दूसान आणि एसके वायव्हर्न्स दोघेही ८८-५५-१ (विजय-पराभव-बरोबरी) वर संपले. तेव्हा परस्परांमधल्या सामन्यांवरून निकाल लागला, ९-७ ने दूसान पहिला. त्यानंतर २०२० पासून नियम आला: पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली तर एक जादा सामना. पाचव्या जागेसाठी तोच नियम २०२२ पासून.

२०२१ ला कोविड आणि ऑलिंपिकमुळे मोसम थांबला आणि वेळ वाचवायला दुसऱ्या टप्प्यात जादा इनिंग्ज काढून टाकल्या. नऊ इनिंग्जनंतर बरोबरी असेल तर बरोबरीच. त्यामुळे बरोबरींचा पाऊस पडला. केटी ७६-५९-९, सॅमसंगही ७६-५९-९. नऊ-नऊ बरोबरी! जादा इनिंग्ज असत्या तर हे असं जुळणं फार अवघड होतं.

सामना ३१ ऑक्टोबरला, सॅमसंगच्या घरी डेगूमध्ये, कारण परस्परांमध्ये सॅमसंग पुढे होता. सॅमसंगचा स्टार्टर वॉन ते-इन. केटीकडून विल्यम क्वेवास. त्याने तीनच दिवस आधी, २८ ऑक्टोबरला, १०८ पिच टाकल्या होत्या. मध्ये विश्रांती फक्त दोन दिवस. स्टार्टरला साधारण चार ते पाच दिवस लागतात.

क्वेवासने ७ इनिंग्ज टाकल्या, एकच हिट दिली, एकही रन नाही, ९९ पिच. सहाव्या इनिंगमध्ये केटीच्या कांग बेक-होच्या हिटवर एकमेव रन आला. १-०.

---

पाथरवट

दोन दिवसांच्या विश्रांतीवर स्टार्टर उतरवणं म्हणजे सरळसरळ जुगार, असं तेव्हा खूप जणांनी म्हटलं. मला तसं वाटत नाही.

कमी विश्रांतीने पहिल्यांदा काय बिघडतं? वेग नव्हे. मोठ्या सामन्याच्या उत्साहात वेग पहिल्या दोन-तीन इनिंग्ज टिकतो, कधी वाढतोही. बिघडतो तो बॉल सोडण्याचा बिंदू. बोटं थकलेली, पुढचा पाय घट्ट रोवला जात नाही, मग बॉल वर राहतो. म्हणून अशा पिचरकडे बघताना स्पीडगन नको, बॉल कुठे पडतोय ते बघायचं: कॅचरने ग्लोव्ह जिथे धरला तिथून किती सरकवला. खालचा ग्लोव्ह सारखा वर सरकायला लागला की काढायची वेळ झाली. पिचिंग कोच म्हणून इतकी वर्षं घालवलेल्या माणसाच्या नजरेतून हे सुटणार नाही. आणि एकच सामना असल्याने मागे अख्खं बुलपेन मोकळं होतं. क्वेवासने दोन इनिंग्ज टाकल्या असत्या तरी पुढचा माणूस तयार होता. सात टाकल्या, हा वरचा लाभ.

---

ग्वांगजूप्रेमी

त्या विजयाचं खरं बक्षीस विश्रांती. पहिला क्रमांक मिळाला की थेट कोरियन सिरीज, म्हणजे तेरा दिवस मोकळे. समोर दूसान खालच्या फेऱ्या खेळून आला होता, पिचर दमलेले. थंडीमुळे सगळे सामने गोचोक स्काय डोममध्ये. १४ ते १८ नोव्हेंबर, केटी ४-० ने विजेता. स्टार्टर ओळीने क्वेवास, सो ह्योंग-जून, देस्पाइन्ये, बे जे-सोंग.

यादीत को यंग-प्यो नाही हे लक्षात आलं का? तो त्या मोसमातला केटीचा सर्वांत भरवशाचा देशी स्टार्टर: ११ विजय, ईआरए २.९२, २१ क्वालिटी स्टार्ट, म्हणजे किमान ६ इनिंग्ज आणि ३ पेक्षा जास्त अर्न्ड (फील्डिंगच्या चुकीविना दिलेले) रन नाहीत असे २१ सामने. आणि त्याला बुलपेनमध्ये बसवलं. को हा साइडआर्मच्याही खालून टाकणारा, आणि त्याचं मुख्य हत्यार चेंजअप. वरून वेगात टाकणाऱ्या स्टार्टरला सहा इनिंग्ज बघून सवय झालेल्या बॅटरच्या डोळ्यांपुढे अचानक खालून मंद बॉल आला की त्याला जुळवून घ्यायला एक-दोन वेळा बॅटिंग लागते. तेवढ्यात सातवी-आठवी इनिंग संपते. ही चाल खालून टाकलेल्या माणसालाच सुचावी.

सिरीजचा एमव्हीपी दुसऱ्या बेसवरचा पार्क क्योंग-सू. तिसऱ्या सामन्यात पोटरीला दुखापत झाली, आणि विजयाच्या जल्लोषात कुबड्यांवर आला.

---

मधली_ओव्हर

आता दुसरी बाजू मांडतो. आदर आहे म्हणूनच मांडतो.

२०२३ चं डब्ल्यूबीसी, म्हणजे वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही देशांची स्पर्धा. कोरियाचा मॅनेजर कांग-चोल. ऑस्ट्रेलियाकडून ७-८, जपानकडून ४-१३, मग चेक प्रजासत्ताकावर ७-३ आणि चीनवर २२-२. पहिल्याच फेरीत बाहेर.

या स्पर्धेत पिचवर मर्यादा असते. पहिल्या फेरीत एका सामन्यात जास्तीत जास्त ६५. तीस किंवा जास्त टाकल्या तर एक दिवस विश्रांती, पन्नास किंवा जास्त टाकल्या तर चार दिवस. सलग दोन दिवस टाकलं तर तिसरा दिवस सुट्टी. शिवाय रिलीव्हरने किमान तीन बॅटर किंवा इनिंगचा शेवट, यापैकी जे आधी होईल ते पुरं करायचं. अशा नियमांत पंधरा पिचर म्हणजे पंधरा वेगळ्या टाक्या, कुठल्या टाकीत किती पाणी आहे ते रोज मोजावं लागतं. क्लबमध्ये त्याला हे बोटांवर पाठ असतं, कारण तो त्यांना रोज बघतो. इथे हाताशी तीन आठवडे, अॅरिझोनातल्या सरावात थंडी, बरेच पिचर टोकियोत पोचले तेव्हा तयारच नव्हते. मग जे तयार दिसले तेच पुन्हा पुन्हा आले, आणि काही जण बसून राहिले. टीका याच गोष्टीवर झाली आणि ती रास्त आहे.

त्याच्याच क्लबचा सो ह्योंग-जून त्या संघात होता. मे २०२३ मध्ये त्याच्या कोपराच्या लिगामेंटवर शस्त्रक्रिया झाली. स्पर्धेमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, कोपर एका महिन्यात झिजत नाही. पण मार्चमध्ये पूर्ण ताकदीने टाकणं हा धोका असतो.

---

स्कोअरर_काका

मधली_ओव्हर, तुमचं म्हणणं पटतं. मी फक्त एवढं म्हणेन, की त्याची पद्धत दीर्घ मोसमाची आहे. १४४ सामन्यांत पहिले ४० वाईट गेले तरी तो हात राखून ठेवतो. २०२३ च्याच मोसमात केटी सुरुवातीच्या महिन्यांत तळाला होता, आणि ७९-६२-३ वर दुसरा आला. जूनमध्ये क्वेवासला परत आणलं आणि तो १२-० गेला. बारा विजय, एकही पराभव नाही. चार सामन्यांच्या स्पर्धेत असं राखून ठेवायला वेळच नसतो.

---

पाथरवट

पण त्याच २०२३ चा शेवट बघा काका, तिथे त्याचं गणित त्याच्यावर उलटलं.

प्लेऑफमध्ये एनसी डायनोजविरुद्ध पहिले दोन हरून पुढचे तीन जिंकले. त्या फेरीचा एमव्हीपी सोन डोंग-ह्योन, रिलीव्हर, पाचही सामन्यांत आला. फेरी जिंकली, पण कोरियन सिरीजला बुलपेन तिथेच अर्धं रिकामं. समोर एलजी ट्विन्स, पहिला क्रमांक, ताजेतवाने, आणि मॅनेजर कोण? कांग-चोलचा तोच ज्युनियर, यॉम क्योंग-योप.

पहिला सामना केटीने ३-२ जिंकला. दुसऱ्यात आठव्या इनिंगमध्ये एलजीच्या पार्क डोंग-वॉनचा दोन रनांचा होम रन, ४-५. तिसऱ्यात नवव्या इनिंगमध्ये केटीकडे आघाडी असताना एलजीच्याच ओ जी-ह्वानचा तीन रनांचा होम रन, ७-८. दोन्ही वेळा शेवटच्या इनिंग्जमध्येच घात झाला. पुढचे दोन ४-१५ आणि २-६. एलजीला २९ वर्षांनी विजेतेपद.

दमलेल्या रिलीव्हरचं लक्षण वर सांगितलं तेच, बॉल वर राहणं. फरक एवढा, की स्टार्टरला सुधारायला पुढची इनिंग असते, आठव्या-नवव्या इनिंगच्या माणसाला नसते.

---

नीलांबरी

म्हणजे २०२१ ला विश्रांती त्याच्या बाजूने होती, २०२३ ला विरुद्ध. आता लागली संगती. २०२४ ला पण काहीतरी विक्रम झाला ना?

---

चौथा_अंपायर

झाला. ७२-७०-२ वर एसएसजी लँडर्सशी पाचव्या जागेची बरोबरी, त्या नियमाखालचा पहिला टायब्रेकर. १ ऑक्टोबर, सुवॉन. आठव्या इनिंगमध्ये एसएसजीने किम क्वांग-ह्योनला आणलं. तोही स्टार्टर, आणि पुरती विश्रांती न मिळालेला. केटीच्या मेल रोहासने त्याला तीन रनांचा होम रन मारला. केटी ४-३. २०२१ ला क्वेवास जिंकला, इथे किम हरला, दोघेही अपुऱ्या विश्रांतीवर. पण एक सामन्याच्या सुरुवातीला आला आणि दुसरा आठव्या इनिंगमध्ये रनर बेसवर असताना. सुरुवातीला आलेल्याला आपली लय सापडायला वाव असतो.

मग वाइल्ड कार्ड. इथे चौथ्या क्रमांकाला एक विजय फुकट असतो: दोन्ही सामने त्याच्या मैदानावर, आणि एक विजय किंवा एक बरोबरीही त्याला पुरते. पाचव्याला दोन्ही जिंकावे लागतात. २०१५ पासून कुठल्याच पाचव्या संघाला ते जमलं नव्हतं. केटीने दूसानला ४-० आणि १-० हरवलं. पहिल्यात क्वेवासच्या ६ इनिंग्ज, दुसऱ्यात वेस बेंजामिनच्या ७. दोन सामन्यांत एकही रन दिला नाही. पुढच्या फेरीत एलजीकडून २-३ हार.

२०२५ ला ७१-६८-५, अर्ध्या सामन्याच्या फरकाने सहावा. पोस्टसीझन हुकला.

---

ग्वांगजूप्रेमी

२०२५ बद्दल अन्याय नको. क्लोझर (शेवटच्या इनिंगला सामना संपवणारा पिचर) किम जे-युन आधीच्याच हिवाळ्यात सॅमसंगला गेला होता, आणि त्या जागी पार्क यंग-ह्योन उभा केला. २०२३ ला होल्ड ३२, २०२४ ला १० विजय आणि २५ सेव्ह, २०२५ ला ३५ सेव्ह आणि लीगचा सेव्हचा मान. हाही युशिन हायस्कूलचाच. बॅटिंगमध्ये आन ह्योन-मिन, २२ होम रन आणि सर्वोत्तम नवोदित.

---

मधली_ओव्हर

ग्वांगजूप्रेमी, तपशिलात एक दुरुस्ती: किम जे-युन गेला तो २०२३ च्या मोसमानंतर. तुमच्या वाक्यावरून २०२४ नंतर गेला असं वाटतं.

---

ग्वांगजूप्रेमी

बरोबर, २०२३ नंतर. धन्यवाद. 

---

नीलांबरी

शेवटचा प्रश्न. केटीचा सामना पहिल्यांदाच बघणाऱ्याने कांग-चोलचं काम ओळखायला कुठे बघायचं?

---

पाथरवट

पाचव्या इनिंगच्या शेवटी बुलपेनकडे. कोण उठून हात गरम करतोय आणि त्याने आदल्या दिवशी टाकलं होतं का, ते स्कोअरकार्डवर बघा. स्टार्टर को यंग-प्यो असेल तर पुढचा माणूस बहुतेक वरून वेगात टाकणारा असतो. स्टार्टर वेगवान असेल आणि को मोकळा असेल, तर सामना मोठा आहे असं समजा.